सुखीबाईचा डावा हात

आमच्या तांड्यात कोणाचं हाड मोडलं, सांधा निखळला, पाय मुरगळला की माणूस आधी माझ्या ओट्यावर येत असे. दवाखाना महागावला, अकरा किलोमीटरवर. ओटा जवळ. माझा बाप हेच काम करायचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. वाटेत बैलाचा पाय मोडला तर बैल आणि माल दोन्ही टाकून पुढे कसं जायचं? म्हणून प्रत्येक तांड्यात हाड बांधणारा एक तरी माणूस लागायचा. बैल गेले, माल वाहणं गेलं, आम्ही शेती करायला लागलो. हाड बांधणं मात्र आमच्या घरात राहिलं.

माझी रीत बापाचीच. डोळे मिटून बोटांनी चाचपायचं. मोडलेली टोकं ताणून समोरासमोर आणायची. हाडजोडीचा वेल वाटून लेप द्यायचा, त्यावर कापसाचा थर, त्यावर बांबूच्या कामट्या, वरून जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. बांधून झालं की पट्टीखाली आपली करंगळी घालून पाहायची. करंगळी शिरली तर बांधणी बरोबर, नाही शिरली तर सोडून पुन्हा बांधायची. बापाने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती. मान आणि कोपर यांच्या वाटेला जायचं नाही. असा माणूस आला की त्याला सरळ महागावचा रस्ता दाखवायचा.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. पहिलं अक्षर ओळखलं तेव्हा मी बासष्ट वर्षांचा होतो, आणि ते शिकवलं माझ्या सुनेने.

अंजू बारावी शिकून आमच्या घरी आली. माझा मुलगा बादल उमरखेडला जिनिंगमध्ये कामाला असतो, शनिवारी येतो. अंजू तांड्याची आशाताई. रजिस्टर घेऊन घरोघर फिरते, गरोदर बायांची, लहान लेकरांची नोंद ठेवते. बाहेर साऱ्या तांड्याशी बोलते, पण माझ्याशी नाही. आमच्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. ओढणी पुढे ओढते, तोंड बाजूला करते आणि सांगायचं ते सासूला सांगते. सासू मला सांगते. तिघंही एकाच खोलीत असतात, सगळ्यांना सगळं ऐकू येतं, तरी निरोप फिरूनच येतो. आता पुष्कळ घरांत हे राहिलं नाही. आमच्यात कोणी मोडलं नाही म्हणून राहिलं.

उपकेंद्रात भिंतीवरचे तक्ते नवीन आले तेव्हा अंजू एक जुना तक्ता मागून घेऊन आली. त्यावर दोन माणसं शेजारी शेजारी उभी होती. एक नुसत्या हाडांचा, पांढरा. दुसरा कातडी सोललेला, लाल. बाजूला बारीक रेघा आणि रेघांच्या टोकाला नावं. तिने तो माझ्या ओट्यासमोरच्या भिंतीला खिळा मारून टांगला.

"घरात भूत कायले टांगलं?" सुखी म्हणाली. सुखीबाई म्हणजे माझी बायको.

"भूत नोहोय ते. हाडं होत."

"हाडं म्हनजे भूतच. अन् हसून राह्यलं पाहा कसं. दात तरी तुमच्यापेक्षा जास्त हायेत त्याले."

दिवेलागणीला ती त्याच्या तोंडावर पंचा टाकायची आणि सकाळी झाडताना काढायची. मला मात्र तो पांढरा माणूस पाहून जुना ओळखीचा भेटल्यासारखं झालं. चाळीस वर्षं मी ज्याला कातडीवरून चाचपत होतो तो सगळा उघडा समोर उभा. मी एका रेघेवर बोट ठेवून म्हणालो, "इथं काय लिहिलं हाय?"

अंजू दाराआडून म्हणाली, "याडी, बापूले सांगा, कोपर लिहिलं हाय." याडी म्हणजे आई.

"कोपर म्हनते," सुखी म्हणाली.

"ऐकलं म्या. त्यातलं पहिलं अक्षर कोनतं?"

"याडी, सांगा, तो क."

"क म्हनते."

अशी माझी शाळा सुरू झाली. क कोपर, ख खांदा, ग गुडघा, घ घोटा. फ फासळी. म ला तर धनच होतं, मान, मणका, मनगट, मांडी. नाव हाताला आधीच ठाऊक होतं, डोळ्यांना फक्त त्याचा आकार शिकायचा होता. त्यामुळे फार जड गेलं नाही. ल ने सुरू होणारं एकही हाड मात्र त्या तक्त्यावर नव्हतं. माझं नाव लखीराम. स्वतःचं नाव मी सगळ्यात शेवटी शिकलो.

सुखीचं उलटं झालं. मधे बसून निरोप पोचवता पोचवता तिला सारी अक्षरं तोंडपाठ झाली, पण ओळख एकाचीही नाही. "मले कायले पाहिजे ओळख," म्हणायची, "आंधळ्या-पांगळ्यांच्या मधी एक धडधाकट पाहिजे नं घरात."

सुखी घरी नसली की अंजूची अडचण व्हायची. मग तिने लहान पोरांची एक पाटी आणली. पाटी तक्त्याखाली टेकवून ठेवायची. चहा झाकला आहे. पाणी आलं. बादल रविवारी येणार. मी वाचायचो आणि बकरीकडे पाहून मोठ्याने म्हणायचो, "बरं, समजलं." आत भांडं वाजायचं, म्हणजे तिलाही समजलं.

तक्ता वाचता यायला लागला तशा मला ठाऊक असलेल्या गोष्टी पुन्हा नव्याने कळल्या. कवटी ही मेंदूची पेटी. फासळ्या वाकून पुढे येतात त्या उगाच नाहीत, आत काळीज आणि फुफ्फुस आहे. पाठीचा मणका म्हणजे एकावर एक ठेवलेली कडी, आणि त्या कड्यांमधून एक दोरी मेंदूपासून कमरेपर्यंत जाते. कडी उभं राहायला आधार देतात आणि दोरीही सांभाळतात. एका ठिकाणी लिहिलं होतं, स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. म्हणून हात वाकवायला एक स्नायू आणि सरळ करायला दुसरा. हे वाचून मी माझाच हात कितीदा वाकवला आणि सरळ केला. सुखी म्हणाली, "माशा हाकलून राह्यले का?"

पण खरं सांगायचं तर लाल माणसाकडे मी फार पाहत नसे. माझं काम हाडाशी. लाल माणसाच्या अंगावरून बारीक-जाड नळ्या गेल्या होत्या, त्यांची नावंही लांबलचक होती. ती मी सोडून दिली.

आता सुखीच्या हाताचं सांगतो.

आमच्या बायका मनगटापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या घालतात. त्यांना बलिया म्हणतात. तरुण मुलींनी ते सोडून दिलं, अंजूच्या हातात काचेच्या चारच असतात. सुखीने सोडलं नाही. कोपराच्या खालच्या बलिया कोणीही घालतं. कोपराच्या वरच्या म्हणजे चुडो. तो लग्नात चढतो आणि नवरा गेला की उतरतो, मधे नाही. सुखीचा चुडो माझ्या आईने चढवला होता. एकेका दंडात सात. आई सांगायची, माहूरच्या जत्रेतून आणल्या, हस्तिदंताच्या आहेत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत सुखीचा दंड त्या बलियांमध्येच भरला. त्या आता कोपरावरून खाली येत नव्हत्या.

दिवाळी होऊन गेली होती. कापसाची वेचणी जोरात होती. सुखी पोटाला बांधलेली ओटी भरून शेताच्या बांधाचा धुरा ओलांडत होती. ओटीमुळे पायाखालचं दिसलं नाही. उंदराच्या बिळात पाय गेला आणि ती डाव्या हातावर पडली. शेजारची रुखमाबाई तिला घेऊन घरी आली. सुखीने उजव्या हातात डावा हात असा धरला होता, जसं दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला घेतलं आहे.

मी तिला ओट्यावर बसवलं आणि डोळे मिटून चाचपलं. कोपराच्या दोन बोटं वर हाड मोडलं होतं. बोटाखाली टोकं एकमेकांवर घासली. तिने दात आवळले.

दुसरं कोणी असतं तर मी हात लावून लगेच काढून घेतला असता. कोपर म्हणजे महागाव. मी तेच म्हणालो. "सुखी, दवाखान्यात जा लागते."

"मी नाई जात."

"काहून?"

"दवाखान्यात पहिले चुडो कापते. मागच्या साली तांड्यातल्या कौसल्याचा कापला. खुर्चीवर बसवलं अन् कटर लावलं, इचारलं बी नाई." तिने ओढणी दंडावर ओढून घेतली. "तुमी जित्ते असून मी उघड्या दंडानं तांड्यात फिरू?"

रुखमाबाई तिथेच उभी होती. "अन् घरात हाडवैद्य असून डाक्टरकडं?" ती म्हणाली. "आमी मंग कोनाकडं यायचं?"

ती तसं बोलली नसती तर मी सुखीला उचलून नेलं असतं, असं मी नंतर पुष्कळदा मनाला सांगून पाहिलं. ते खरं नाही. रुखमाबाई बोलली ते माझ्या मनात आधीच होतं. ज्याच्या ओट्यावर तीन गावचे लोक येतात त्याची बायको दुसऱ्याकडे जाते, हे मला नको होतं.

मी बांधायला घेतलं. कोपराखालच्या बलिया सरकवून काढल्या, चुडो जागेवरच होता. मला वाटलं, बरंच आहे. सात कडक कडी दंडाभोवती आधीच बसली आहेत, या तर आयत्या कामट्याच. त्यांच्यावरून कापूस लावला, बांबू लावला, पट्टी गुंडाळली. हात कोपरात वाकवून गळ्यात बांधला. शेवटी पट्टीखाली करंगळी घालून पाहिली. सहज शिरली. बलियांच्या जाडीमुळे पट्टी वर उचललेली होती, तिथे करंगळी शिरणारच. बलियांच्या खाली काय आहे ते मी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखीने भाकर घेतली नाही. चहाही अर्धा ठेवला. डावा हात ओढणीखाली होता.

"दुखते का?" मी विचारलं.

"आता नाई दुखत. मुंग्या येऊन राह्यल्या."

मला बरं वाटलं. दुखणं थांबलं म्हणजे उतार पडला, असं मी समजलो.

अंजू रजिस्टर घेऊन बाहेर निघाली होती. ती थांबली. "याडी, बोटं दाखवा."

"तू जाय तुया कामाले. बोटं कोनी पळवून नेले नाई."

अंजूने ओढणी वर केली. थोडा वेळ पाहिलं. मग ती आतून पाटी घेऊन आली, आणि ती तक्त्याखाली टेकवल्याचा आवाज झाला. तिच्या अक्षरांची मला सवय होती, पण त्या दिवशी अक्षरं तिरपी पडली होती.

बोटं निळी. नख दाबून पाहा.

मी आधी माझं नख दाबलं. पांढरं झालं आणि सोडताच लाल झालं. मग सुखीचं दाबलं. पांढरं झालं. मी सोडलं. ते पांढरंच राहिलं. बोट थंडगार होतं, हिवाळ्यात सकाळी विळा हातात घ्यावा तसं.

"पहिल्या दिशी सूज असतेच," मी म्हणालो. कोणाला म्हणालो ते ठाऊक नाही. बकरीकडे पाहिलं नव्हतं.

अंजूने ओढणीच्या टोकाने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. पट्टी सोडा.

मी पट्टी सोडली. कामट्या काढल्या, कापूस काढला. सुखी म्हणाली, "लय बरं वाटलं," आणि ती खोटं बोलते आहे हे मला कळलं, कारण तिचा चेहरा हलला नाही. मी पुन्हा नख दाबलं. पांढरं ते पांढरंच.

पाटीवर आता एकच शब्द होता. चुडो.

मग मी पाहिलं. कोपराखालचा हात दुपटीने सुजला होता, कातडी ताणून चकाकत होती. दंडात प्रत्येक दोन बलियांच्या मधून मांस वर आलं होतं आणि बलिया आत रुतल्या होत्या. करंगळी सोडा, दोराही शिरला नसता. माझी नजर तक्त्यावर गेली. लाल माणसाच्या दंडातून एक जाड लाल नळी हाडाला चिकटून खाली येत होती आणि कोपराच्या पुढून हातात उतरत होती. बरोबर सुखीच्या बलिया होत्या तिथून. हाड हलू नये म्हणून मी त्याला बांधलं, पण त्याच्या भोवतीचं मांस जिवंत आहे, ते सुजतं, त्याला जागा लागते, हे मला बैलाच्या पायातही दिसायला हवं होतं.

"सुखी, चुडो काढा लागते."

"नाई."

"हात जाईन."

"जाऊ द्या. एक हाये नं." तिने उजवा हात वर केला. त्यावरच्या बलिया वाजल्या. "हा तुमी गेल्यावर उतरते. मी आपल्या हातानं नाई उतरवू देत."

"दवाखान्यात परका मानूस कापंन. त्यापेक्षा मी कापतो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "तुमी? आपल्याच हातानं आपलं..."

मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो. "मी तुले दिसून राह्यलो का नाई?"

"दिसून राह्यले."

"जित्ता दिसतो का मेलेला?"

"आज दिसता जित्ते. उद्याचं काय?"

"उद्याचं मले नाई ठाव. तुया बलियाइले ठाव हाय का? असंन तर इचार."

तिने दंडावरच्या बलियांकडे पाहिलं. मी म्हणालो, "चुडो मले जित्तं ठेवते म्हनतं. बरं. पन हात गेला तर भाकर कोन थापंन? उपाशीच मरन मी, चुडो राहून."

"म्हनजे भाकरीसाठी चाललं हे."

"भाकरीसाठीच."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि डावा दंड माझ्या बाजूला केला.

घरात पाइप कापायचं हेक्सा ब्लेड होतं. मी ते चुलीच्या राखेने घासून आणलं. पण बलिया आणि कातडी यांच्यात जागाच नव्हती, ब्लेड उतरलं की मांसात जाणार. अंजूने रजिस्टरमधून रेघा मारायची स्टीलची फूटपट्टी काढली. पातळ, पत्र्यासारखी. तिला तेल लावून तिने ती हळूहळू पहिल्या बलियाखाली सरकवली. सुखीच्या तोंडून वारा सुटल्यासारखा आवाज आला.

मी ब्लेड टेकवलं. या हातांनी मी माणसांची हाडं ताणली आहेत, बैलांची शिंगं कापली आहेत. त्याच हातांतलं ब्लेड फूटपट्टीवरून घसरलं.

"बापू, हळू," अंजू म्हणाली. "पट्टीच्या मधातच धरा. मी हलू देत नाई."

मी पट्टीच्या मधात धरलं आणि ओढायला लागलो. पांढरी भुकटी पडली. मग वास आला, करपल्यासारखा, आणि तो वास मला ठाऊक होता. बलिया एका बाजूने कापली, मग समोरच्या बाजूने अर्धी कापून मोडली. तुटलेल्या जागी बारीक बारीक काळे ठिपके होते. हाडाला असतात तसे. हस्तिदंत नव्हता तो. कुठल्या तरी जनावराचं साधं हाड होतं. मी ते तुकडे सुखीला दिसणार नाहीत असे मांडीखाली सारले आणि दुसरी बलिया कापायला घेतली.

सहावी निघाली तेव्हा अंजूने नख दाबलं आणि मान हलवली. नाही. सातवी कोपराच्या अगदी वर होती, सगळ्यात खोल रुतलेली. ती तुटली तशी सुखी ओरडली. आदल्या दिवशीपासून ती एकदाही ओरडली नव्हती. हातात रक्त उतरत होतं आणि त्याच्याबरोबर दुखणं परत आलं होतं. कोणाच्या ओरडण्याने मला इतकं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. नखं आधी जांभळी झाली, मग हळूहळू लाल.

"बापू, हात खालून धरा, लोंबू देऊ नका," अंजू म्हणाली. "मी भीमसिंगचा ॲटो आनते."

भीमसिंगच्या ऑटोत मी वाटभर तो हात दोन्ही तळव्यांवर धरून बसलो.

महागावच्या डॉक्टरीणबाईंनी दंडावरचे सात वळ पाहिले. त्या तरुण होत्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "हे बांधलं कोणी?"

"मी."

"तुम्ही यांचे कोण?"

"नवरा."

"मग वैद्य कोण होता?"

"मीच."

"आणि बांगड्या कापल्या कोणी?"

"त्याही मीच."

त्यांनी बोटं एकेक करून सरळ करून पाहिली. सुखी प्रत्येक बोटाला कण्हली. "दुपारपर्यंत तसंच ठेवलं असतं तर मी काही करू शकले नसते," त्या म्हणाल्या. "कोपराजवळ कधी बांधू नका, बाबा."

"माहा बापही हेच म्हने."

"मग?"

मी सुखीचा हात पुन्हा तळव्यांवर घेतला.

त्यांनी मागून अर्धं प्लास्टर लावून आम्हाला यवतमाळला पाठवलं. तिथे हाडात दोन तारा टाकल्या. आठ दिवस ठेवून घेतलं, सूज उतरल्यावर सोडलं. घरी आल्यावर अंजूने ओढणी पुढे ओढली, तोंड बाजूला केलं आणि म्हणाली, "याडी, बापूले सांगा, गोळ्या जेवल्यावर द्या लागते." त्या सकाळी ती सरळ माझ्याशी बोलली ते तिने काढलं नाही, मीही काढलं नाही.

संक्रांत झाल्यावर प्लास्टर निघालं. आतून निघालेला हात वाळलेल्या तुरीच्या काडीसारखा होता. हाड जुळलं होतं, पण बोटं मिटत नव्हती. अंगठा आणि पहिलं बोट थोडं हलायचं, बाकीची तीन नुसती वाकून राहायची. यवतमाळला सांगितलं होतं, सांधा चालवला नाही तर तो धरतो, आणि स्नायू वापरला नाही तर विसरतो. मी कापसाचा लाडूएवढा गोळा करून तिच्या तळहातावर ठेवला. "दाब."

"दाबून राह्यली."

"दिसत नाई मले."

"तुमचे डोळे गेले मंग."

रोज सकाळ-संध्याकाळ हे चाललं. कापसाचा गोळा, मग ओली कणीक, मग रबराचा चेंडू. मी तिचं एकेक बोट धरून मिटवायचो आणि उघडायचो, आणि तक्त्यावरचा लाल माणूस पाहत राहायचो. त्याच्या हातावर किती बारीक दोऱ्या आहेत, त्या सगळ्यांची नावं मी त्या दोन महिन्यांत वाचली.

तांड्यातल्या बाया यायच्या. दंड पाहायच्या, नजर फिरवायच्या. रुखमाबाईला राहवलं नाही. "सुखी, एक हात सवाष्णीचा अन् एक तसाच. कसं दिसते ते?"

"अर्धा नवरा दवाखान्यात ठेवून आली," सुखी म्हणाली. "अर्धा तो बसला, चहा पिऊन राह्यला."

ती गेल्यावर सुखीने संदुकीतून एक फडकं काढलं. त्यात बलियांचे चौदा तुकडे होते. ते तिने कधी उचलले मला माहीत नाही. मला वाईट वाटलं. मी म्हणालो, "हस्तिदंत होता. वाया गेला."

"कायचा हस्तिदंत? हाड होतं ते."

"तुले कसं ठाव?" मी म्हणालो.

"तुमच्या मायनं पहिल्याच साली सांगतलं मले. म्हने, पैसे पुरले नाई, पन बाहेर हस्तिदंतच म्हन."

"अन् इतके वर्सं तू मले सांगतलं नाई?"

"तुमी हाडवैद्य. म्हटलं, हात लावला का ओळखतीन."

मी आता बांधत नाही. लोक अजून येतात. मी डोळे मिटून चाचपतो, हात लोंबणार नाही असा गळ्यात अडकवून देतो, आणि एक चिठ्ठी लिहितो. हाड मोडलं आहे. बांधलं नाही. नखं लाल आहेत. खाली सही, लखीराम. भीमसिंग म्हणतो, तुमच्या चिठ्ठ्यांमुळे माझा ऑटो चालतो.

होळीच्या आधी एका दुपारी मी शेतावरून आलो. सुखी तक्त्याखाली बसली होती, मांडीवर पाटी. अंजूने तिला हाताच्या व्यायामासाठी पाटीवरची पेन्सिल दिली होती. डाव्या हाताची पाचही बोटं पेन्सिलीभोवती मिटली होती, घट्ट नव्हती पण मिटली होती. कपाळावर घाम होता. पेन्सिल दोनदा निसटली, दोनदा तिने उचलली. तिने एक अक्षर काढलं, पुसलं, पुन्हा काढलं.

मी मागून वाकून पाहिलं. ल होता. वाकडा, एका बाजूला कललेला.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. सुखीने कधीच घेतलं नव्हतं, यवतमाळला केसपेपर लिहिताना विचारलं तेव्हाही ती माझ्याकडे बोट करून गप्प उभी राहिली होती.

"हा ल कायचा?" मी म्हणालो. "तक्त्यात तं नाई."

"नाई तक्त्यात," ती म्हणाली, आणि पाटी माझ्याकडे सरकवून डावा हात ओढणीला पुसायला लागली.

मी ती पाटी पुसली नाही. दुसऱ्या दिवशी अंजूनेही पुसली नाही. ल च्या बाजूला उरलेल्या जागेत तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, पाणी आलं.